कोलंबियापासून दामोदरपर्यंत : बाबासाहेबांच्या उच्च शिक्षणाची फलश्रुती

आंतरराष्ट्रीय व्यवहार आणि शाश्वत विकास या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घ्यावे, अशी इच्छा अलीकडे आपल्या समाजातील काही मुलामुलींच्या बोलण्यातून प्रकट होऊ लागली आहे. राष्ट्राराष्ट्रांतील संबंध, व्यापार, चलन, श्रम, पाणी, जमीन, वीज आणि जंगल यांचा एकत्र विचार करणारी ही विद्याशाखा आहे. शाश्वत विकास हा शब्दप्रयोग १९८७ साली ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालानंतर जगभर रुळला आणि २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी त्याची सतरा उद्दिष्टे मान्य केली. शब्द नवे आहेत. परंतु या शब्दांमागची विद्या आपल्या समाजाला नवी नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या विद्यालयाची इमारत आहे. त्या इमारतीतील लेहमन ग्रंथालयात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा अर्धपुतळा आहे. ते विद्यालय १९४६ साली स्थापन झाले. बाबासाहेब त्या विद्यापीठातील आपला अभ्यास आटोपून १९१६ सालीच बाहेर पडले होते. विद्यालयाला नाव मिळण्यापूर्वी तीस वर्षे, ते ज्या विषयांसाठी पुढे निघाले, त्यांतील बहुतेक विषय या एका विद्यार्थ्याने अभ्यासले होते.

महाडचा सत्याग्रह, संविधानाचे शिल्पकारत्व आणि नागपूरची धम्मदीक्षा यांविषयी आपल्या शाळेच्या प्रांगणात दरवर्षी जयंतीला आणि महापरिनिर्वाणदिनी आपण ऐकतो. ते पुन्हा येथे सांगण्याचा आमचा हेतू नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने बाबासाहेबांच्या चरित्राचा एकच धागा आम्ही हाती घेतला आहे : ते परदेशात नेमके काय शिकले, त्या शिक्षणाची किंमत कोणी मोजली, आणि शिकलेले त्यांनी कोणाच्या कामी आणले. वसतिगृहात राहून शिकलेल्या प्रत्येकाला हे तीन प्रश्न केव्हातरी स्वतःस विचारावेच लागतात.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महू येथील लष्करी छावणीत झाला. परंतु घराणे कोकणातले. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे त्यांचे मूळ गाव. आजोबा मालोजी आणि वडील रामजी दोघेही सैन्यात होते. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते, आणि आपल्या मुलाने शिकावे हा त्यांचा ध्यास होता. रामजी व भीमाबाई यांचे हे चौदावे अपत्य. सेवानिवृत्तीनंतर हे कुटुंब काही काळ दापोलीस, पुढे साताऱ्यास आणि अखेर मुंबईत परळच्या चाळीत येऊन राहिले. मुलाला हवे असलेले पुस्तक घेण्यासाठी वडिलांनी लग्न झालेल्या मुलींचे दागिने गहाण ठेवावेत, आणि निवृत्तिवेतन हाती आले की ते सोडवून आणावेत, असा त्या घरचा क्रम होता. बाबासाहेबांच्या शिक्षणाचा पहिला खर्च असा बहिणींच्या अंगावरील सोन्याने उचलला, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

१९०७ साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या समाजातील मुलाने मॅट्रिक होणे ही एवढी दुर्मीळ घटना होती, की त्यासाठी सत्कारसभा भरली. समाजसुधारक सी. के. बोले अध्यक्षस्थानी होते. त्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले भगवान बुद्धांचे चरित्र भीमरावांना भेट दिले. केळुसकर गुरुजी हे मूळचे वेंगुर्ले तालुक्यातील केळूस गावचे, म्हणजे आजच्या आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचे सुपुत्र. चर्नी रोडच्या बागेत एकटा वाचत बसणारा हा मुलगा त्यांच्या नजरेस पडला होता. पुढे महाविद्यालयीन शिक्षण पैशांअभावी अडले, तेव्हा बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापर्यंत भीमरावांना पोहोचविण्यात केळुसकरांनीच पुढाकार घेतला, आणि महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. एका शिक्षकाने एका मुलाकडे लक्ष दिले, एवढीच ही गोष्ट. पण बुद्ध आणि उच्च शिक्षण या दोन्ही वाटांच्या तोंडाशी आपल्याच किनाऱ्यावरचा एक शिक्षक उभा होता, याचा आम्हांस अभिमान वाटतो.

बी.ए. झाल्यावर भीमराव बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. परंतु काही दिवसांतच वडिलांच्या आजाराची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदारांचे निधन झाले. घरात पत्नी रमाबाई आणि काही आठवड्यांचे मूल होते. अशा वेळी नोकरी धरून संसार सावरणे हाच मार्ग कोणीही सुचविला असता. त्याच सुमारास सयाजीराव महाराज काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत पाठविणार असल्याचे कळले. निवड झाली. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली : दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी. जुलै १९१३ मध्ये बावीस वर्षांचे भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले.

प्रारंभी ते विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात राहिले. पुढे काही दिवस कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये आणि त्यानंतर लिव्हिंगस्टन हॉलमध्ये त्यांचे वास्तव्य झाले. तेथे नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी त्यांची मैत्री जुळली, ती आयुष्यभर टिकली. त्या शहरात त्यांना प्रथमच असे दिवस अनुभवास आले, की सर्वांबरोबर एका टेबलावर जेवता येत होते, कोठेही बसता येत होते आणि कोणी जात विचारीत नव्हते. परंतु त्या मोकळेपणात ते रमून गेले नाहीत. शिष्यवृत्तीच्या रकमेतूनच घरी पैसे पाठवावयाचे असत. म्हणून साधे जेवण, मोजका खर्च आणि बाकीचा सारा वेळ ग्रंथालयात, असा दिनक्रम त्यांनी आखून घेतला. उरलेले पैसे जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जात. या काळात त्यांनी सुमारे दोन हजार ग्रंथ जमविले.

ते काय शिकले, याची नोंद विद्यापीठाच्या दप्तरातून अभ्यासकांनी काढली आहे, आणि ती उच्च शिक्षणाकडे वळणाऱ्या आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाहावी अशी आहे. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन यांचा प्रत्येकी एक. पदवीसाठी एवढ्या सगळ्यांची गरज नव्हती. सार्वजनिक वित्ताचे गाढे अभ्यासक एडविन सेलिग्मन, लोकशाही आणि शिक्षण यांचा विचार करणारे तत्त्वज्ञ जॉन ड्युई, इतिहासकार जेम्स शॉटवेल, मानववंशशास्त्रज्ञ अलेक्झांडर गोल्डनवायझर अशा गुरूंचा सहवास त्यांना लाभला. यांपैकी शॉटवेल पुढे पहिल्या महायुद्धानंतरच्या पॅरिस येथील शांतता परिषदेत सहभागी झाले, आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. जगाचे व्यवहार कसे चालतात हे, ते व्यवहार पुढे घडविणाऱ्या माणसांकडून शिकण्याची ही संधी होती.

विषयांची निवड पाहिली म्हणजे त्यामागील सूत्र उघड होते. १९१५ साली एम.ए.साठी त्यांनी प्राचीन भारतातील व्यापारावर प्रबंध लिहिला. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींची उत्पत्ती, यंत्रणा आणि विकास यांवरील निबंध वाचला. त्याच वर्षी भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नासंबंधीचा प्रबंध पीएच.डी.साठी सादर केला. तोच विषय पुढे वाढवून ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्ताच्या उत्क्रांतीवरील ग्रंथ म्हणून १९२५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. तो त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला, आणि त्याला सेलिग्मन यांची प्रस्तावना लाभली. कर कोणाकडून वसूल होतो, तो कोठे जमा होतो आणि कोणावर खर्च होतो, हा त्या अभ्यासाचा गाभा. ज्याच्या गावाला शाळा नाही, पाणवठा नाही आणि रस्ता नाही, त्या समाजाच्या मुलाने परदेशात जाऊन सरकारच्या तिजोरीचा हिशेब शिकून घेतला, असे आम्ही याकडे पाहतो.

ऑक्टोबर १९१६ मध्ये ते लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये कायद्यासाठी त्यांनी नाव दाखल केले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि अभ्यास अर्धवट टाकून १९१७ साली त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी तेवढी त्यांनी पदरात पाडून घेतली. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान घेऊन येणारी बोट भूमध्य समुद्रात पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली, आणि तिच्याबरोबर त्यांच्या ग्रंथांचा मोठा साठा समुद्रतळाशी गेला. नुकसानभरपाईपोटी ६०० रुपये मिळाले. त्या पैशांतूनच बडोद्याला जाण्याची सोय झाली.

बडोद्यात जे घडले ते सर्वश्रुत आहे. तरी या धाग्यात त्याला विशेष स्थान आहे. करारानुसार ते नोकरीवर हजर झाले. परंतु कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला राहावयास कोणी जागा देईना. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी आपली जात लपवून आसरा घेतला. ती कळताच लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला, आणि त्यांना बाहेर पडावे लागले. तो दिवस त्यांनी एका बागेत झाडाखाली बसून काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. मिळविलेली विद्या माणसाची योग्यता वाढविते, परंतु समाजाची नजर आपोआप बदलत नाही, हा धडा त्यांना कोणत्याही विद्यापीठाबाहेर, त्या झाडाखाली मिळाला. या अपमानातून दोन वाटा फुटत होत्या. एक, मिळालेल्या पदव्यांच्या आधारे स्वतःपुरते सुखाचे आयुष्य शोधण्याची. दुसरी, ही विद्या समाजरचना बदलण्याच्या कामी लावण्याची. त्यांनी दुसरी वाट धरली. परंतु त्याआधी अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करावयाचा, हेही निश्चित केले.

नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर त्यांनी एक लेख प्रसिद्ध केला. शेताचे तुकडे लहान आहेत म्हणून शेती तोट्यात जाते, असा तेव्हा सार्वत्रिक समज होता. बाबासाहेबांनी प्रश्न उलटा करून पाहिला. शेत किती मोठे यापेक्षा त्या शेतावर भांडवल, अवजारे आणि श्रम किती प्रमाणात लागतात, हे महत्त्वाचे. भारतात जमिनीवर गरजेपेक्षा अधिक माणसांचा भार आहे, आणि त्यांना दुसरे काम नाही, म्हणून ती सर्व त्याच तुकड्यावर जगू पाहतात. हा भार उतरवावयाचा तर उद्योग वाढले पाहिजेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. डोंगरउतारावरील चार कुणग्यांवर पोट भरत नाही म्हणून ज्यांच्या घरातील तरुण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची किंवा गोव्याची वाट धरत आले, त्या आपल्या कोकणाला हे विवेचन निराळे समजावून सांगावयास नको.

प्राध्यापकीच्या पगारातून त्यांनी पैसे साठविले. छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. तत्पूर्वी, ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' पाक्षिक सुरू झाले होते आणि मार्चमध्ये माणगावची परिषद पार पडली होती. म्हणजे समाजाची चळवळ एका हाताने आणि अभ्यास दुसऱ्या हाताने, असे हे प्रस्थान होते. लंडनमध्ये १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२२ साली बॅरिस्टरी पूर्ण झाली. रुपयाच्या प्रश्नावरील डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांना प्रथम मानवला नाही. तो फेरबदल करून पुन्हा पाठवावा लागला आणि १९२३ साली स्वीकारला गेला. प्रबंध परत आला म्हणून खचून जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्या निष्कर्षांना धक्का लागू न देता त्यांनी मांडणी सुधारली, आणि त्याच वर्षी त्याचा ग्रंथ निघाला.

चलनासारखा रुक्ष विषय त्यांनी का निवडावा, असा प्रश्न पडतो. उत्तर १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी दिलेल्या साक्षीत सापडते. रुपयाचा विनिमयदर खाली ठेवला तर व्यापाऱ्यांचा लाभ होतो. परंतु देशात भाव चढतात आणि मजुरी त्या वेगाने वाढत नाही, म्हणून तो लाभ मजुराच्या ताटातून काढलेला असतो, हा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय. लंडनच्या बाजारातील एक आकडा गिरणगावातील चुलीपर्यंत कसा पोहोचतो, हे त्यांनी दाखविले. आंतरराष्ट्रीय व्यवहारांचा अभ्यास कशासाठी करावयाचा, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

या सर्व वर्षांत मुंबईत संसार कोणी ओढला, हे सांगितल्यावाचून हा हिशेब पुरा होत नाही. रमाबाई दापोलीजवळच्या वणंद गावच्या. पती परदेशात, उत्पन्न तुटपुंजे, आणि घरात आजार. त्यांच्या पाच अपत्यांपैकी एकटे यशवंतराव वाचले. बाकीची बाळपणीच गेली. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. पुढे पाकिस्तानच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. सयाजीरावांची शिष्यवृत्ती कागदावर लिहिलेली आहे. रमाईंनी दिलेली शिष्यवृत्ती कोठल्याही करारात नाही. आपल्या शाळेत मुलांना ठेवून स्वतः काजूच्या बागेत, बांधकामावर किंवा परराज्यात मजुरीला जाणाऱ्या माता आजही तीच शिष्यवृत्ती देत आहेत.

आता शिकलेले कोणाच्या कामी आले, या तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. परतल्यावर १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, आणि सभेच्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे १९२५ साली सोलापुरात सुरू झालेले विद्यार्थ्यांचे वसतिगृह. दोन खंडांतील विद्यापीठे पाहिलेल्या माणसाला पहिली गरज कोणती वाटली, तर मुलांच्या राहण्याजेवण्याची. बडोद्यात ज्याला एक खोली मिळाली नाही, त्याने इतरांच्या मुलांसाठी प्रथम छप्पर उभे केले. आपली निवासी शाळा ही त्याच परंपरेतली आहे, असे आम्ही नम्रपणे मानतो.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोताला वाजवी भरपाई द्यावी आणि प्रत्यक्ष जमीन कसणाऱ्यास कब्जेदाराचा हक्क द्यावा, असे त्याचे स्वरूप होते. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर गेला. त्यात कोकणातील कुळे मोठ्या संख्येने होती. आपला दोडामार्गचा मुलूख तेव्हा सावंतवाडी संस्थानात होता, आणि ते विधेयक ब्रिटिश मुलखापुरते होते. तरीही त्याचा अर्थ साऱ्या कोकणाला कळला. विधेयक त्या वेळी संमत झाले नाही. खोती रद्द करणारा कायदा १९४९ साली झाला. न्यूयॉर्क आणि लंडन येथे शिकलेले महसुलाचे शास्त्र आंबडव्याच्या कुळापर्यंत असे येऊन पोहोचले.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्या खात्याकडे केवळ कामगार नव्हते. पाटबंधारे आणि वीज हेही विषय होते. सरकार, मालक आणि कामगार यांनी एकत्र बसून प्रश्न सोडवावेत ही त्रिपक्षीय परिषदांची पद्धत त्यांच्या कारकिर्दीत रुजली. ती आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या रचनेशी जुळणारी होती. कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारा कायदा १९४६ साली झाला, त्यामागे त्यांचे परिश्रम होते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना सरकारी शिष्यवृत्त्या मिळाव्यात आणि काहींना परदेशी पाठवावे, यासाठीही त्यांनी याच काळात सरकारकडे पाठपुरावा केला. स्वतःला मिळालेली वाट त्यांनी मागून येणाऱ्यांसाठी रुंद केली.

परंतु या काळातील ज्या कामाची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही, ते म्हणजे पाण्याचे. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळाचे थैमान चालू असतानाच दामोदर नदीला पूर आला. बांध फुटला, आणि कलकत्त्याकडे जाणारे रेल्वेमार्ग व रस्ते तुटले. तोवर पुरावर उपाय म्हणजे नदीकाठी बांध घालणे, एवढाच विचार होई. बाबासाहेबांच्या खात्याने निराळी दृष्टी घेतली. अमेरिकेत १९३३ साली टेनेसी नदीच्या खोऱ्यासाठी एक स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले होते. त्या प्रकल्पातील अभियंता वुर्डुईन यांना भारतात आणून दामोदरचा आराखडा करविण्यात आला. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात बंगाल आणि बिहार या प्रांतांच्या प्रतिनिधींसमवेत परिषद झाली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला कटक येथे महानदी आणि ओरिसातील इतर नद्यांविषयी परिषद झाली. पाणी अधिक आले की ते संकट मानून समुद्राकडे लोटून द्यावयाचे, हा जुना विचार बाजूला सारून, पाणी ही संपत्ती आहे, ते साठवावे आणि त्यातून सिंचन, वीज, जलवाहतूक व पूरनियंत्रण हे सारे एकत्र साधावे, असे धोरण त्यांनी पुढे ठेवले. नदीचे संपूर्ण खोरे हा एकच घटक मानावा, प्रांतांच्या सीमा त्याच्या आड येऊ नयेत, हे त्याचे दुसरे सूत्र. पुढे १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले, आणि महानदीवर हिराकूड धरण उभे राहिले. केंद्रीय पातळीवर जल आणि वीज यांसाठी ज्या तांत्रिक संस्था आज आहेत, त्यांची मुळेही १९४४–४५ च्या त्या निर्णयांत आहेत.

संविधानातही हा विचार उतरला. आंतरराज्य नद्यांच्या पाण्याच्या तंट्यांसाठी अनुच्छेद २६२ आहे, आणि अशा नद्यांच्या नियमनाचा अधिकार संघसूचीत नोंदलेला आहे. त्यांच्या आधारे नदी मंडळांचा आणि जलतंट्यांचा असे दोन कायदे १९५६ साली, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाच्याच वर्षी, झाले.

हे वाचताना दोडामार्गच्या माणसाला आपली तिलारी आठवल्यावाचून राहणार नाही. सह्याद्रीत उगम पावून ही नदी आपल्या तालुक्यातून गोव्यात उतरते आणि शापोऱ्याजवळ समुद्राला मिळते. बाबासाहेब हयात असेतोवर या नदीच्या वाटेवर, आपल्या गावाच्या वेशीजवळ, आंतरराष्ट्रीय सीमा होती. पलीकडे पोर्तुगालचे राज्य होते आणि ते १९ डिसेंबर १९६१ रोजी संपले. आज त्याच नदीवरील तिलारीचे धरण हा महाराष्ट्र आणि गोवा यांचा संयुक्त प्रकल्प आहे. पाण्याचा मोठा वाटा गोव्याला जातो, आणि खर्चाची वाटणीही दोन राज्यांनी ठरवून घेतली आहे. एक खोरे, दोन राज्ये आणि एक करार : दामोदरच्या वेळी जो विचार मांडला गेला, त्याचे लहानसे रूप आपल्या अंगणात आहे. परंतु त्याच अंगणात आयनोडे, सरगवे यांसारखी गावे पाण्याखाली गेली, आणि तेथील विस्थापितांना पुनर्वसनासाठी व नोकरीच्या हक्कासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. दामोदरच्या धरणांनीही असंख्य कुटुंबांना उठविले. म्हणून बाबासाहेबांचे स्मरण करताना केवळ धरणांचा गौरव करून थांबणे आम्हांस योग्य वाटत नाही. लाभ कोणाला आणि भार कोणावर, हा त्यांच्या प्रत्येक प्रबंधातला प्रश्न आपण तिलारीलाही विचारला पाहिजे. शाश्वत विकासाच्या अभ्यासाचे सारही तेच आहे. डोंगरातील खाण, हत्तींनी झोपविलेली केळीची बाग, तोडले जाणारे जंगल, पाइपांतून सीमेपार जाणारे पाणी : या प्रत्येकावर एकेक प्रबंध होऊ शकतो, आणि तो लिहिण्यास येथे जन्मलेल्या मुलाएवढा अधिकारी दुसरा कोण आहे?

५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना सन्माननीय डॉक्टरेट अर्पण केली. ज्या गुरूविषयी त्यांना अपार आदर होता, ते जॉन ड्युई त्याआधी अवघे चार दिवस, १ जून रोजी, निवर्तले होते. ती भेट राहूनच गेली. गुरूचे ऋण त्यांनी ग्रंथांतून आणि कायद्यांतून आधीच फेडले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. नोव्हेंबरमध्ये काठमांडू येथील जागतिक बौद्ध परिषदेत त्यांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांची तुलना जगासमोर मांडली. दारिद्र्य आणि शोषण संपविण्याचा मार्ग हिंसेतून जात नाही, मनुष्याचे मन बदलणारा धम्मच तो टिकाऊ करू शकतो, असे त्यांच्या विवेचनाचे सूत्र होते. त्यानंतर काही दिवसांतच, ६ डिसेंबर १९५६ रोजी, दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. केळुसकर गुरुजींनी सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती दिलेले बुद्धचरित्र आणि सयाजीरावांच्या मदतीने घेतलेले अर्थशास्त्र, हे दोन्ही प्रवाह काठमांडूत एकत्र आले होते.

आज परिस्थिती पालटली आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. लंडनमध्ये विद्यार्थी असताना बाबासाहेब ज्या घरात राहिले, ते घर आता महाराष्ट्र शासनाच्या मालकीचे स्मारक आहे. आपल्या शाळेतील मुलगी कोलंबियाला जाईल, ही कल्पना आता अशक्य राहिलेली नाही. तिने अवश्य जावे. पालकांनी तिला धीर द्यावा, आणि माजी विद्यार्थ्यांनी अर्ज भरण्यापासून प्रवासखर्चापर्यंत तिच्या पाठीशी उभे राहावे, ही आमची या स्मरणिकेतून विनंती आहे. केळुसकर, सयाजीराव, शाहू महाराज आणि भथेना यांची भूमिका आता आपण वठवावयाची आहे.

आणि जाणाऱ्याने एवढेच ध्यानी ठेवावे. बाबासाहेबांनी बडोद्याला दहा वर्षांची नोकरी लिहून दिली होती; परिस्थितीने ती पुरी होऊ दिली नाही. परंतु ज्या समाजाने त्यांच्याकडून काहीच लिहून घेतले नव्हते, त्याची चाकरी त्यांनी अखेरच्या श्वासापर्यंत केली. परदेशातून पदवी घेऊन येणाऱ्यांची संख्या आपल्यात वाढो. पण परतल्यावर त्यांतील काहीजण तरी तिलारीच्या काठी, एखाद्या विस्थापिताच्या ओसरीवर बसून त्याचा हिशेब समजावून घेताना दिसोत, अशी मंगल कामना आम्ही करतो.

जय भीम! नमो बुद्धाय!